अडतीस डुप्लिकेट नावं

लेकीच्या, निकिताच्या लग्नाच्या निमंत्रणांची यादी कागदावर करायची नाही, हे ललित गांगुर्डेने साखरपुडा झाला त्याच दुपारी जाहीर करून टाकलं. सातपूरच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळतो. तिथे साधा वॉशरसुद्धा एक्सेलच्या शीटमध्ये नाव लावल्याशिवाय रॅकवर चढत नाही, मग पाहुण्यांनाच शिस्त का नको, असा त्याचा सवाल होता. त्याने फाइल केली, क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि ती तीन ठिकाणी उघडेल अशी सोय केली. एक त्याचा स्वतःचा लॅपटॉप, दुसरा बायकोचा, म्हणजे मनीषाचा, आणि तिसरा विंचूरला धाकट्या भावाच्या, सोमनाथच्या कांद्याच्या खळ्यावरचा, ज्याच्या कीबोर्डमधून अधूनमधून कांद्याचा पाचोळा निघतो. फाइलीत सहाशे बारा नावं होती आणि चार रकाने होते: नाव, गाव, कोण जाणार, झालं का.

"एका वेळी एकानेच फाइल उघडायची," ललितने दोघांना बजावलं. "उघडली की ग्रुपवर लिहायचं, 'घेतली'. बंद केली की लिहायचं, 'सोडली'. दोन ठिकाणी एकदम हात लागला की एका फाइलीच्या दोन फाइली होतात. मग बसा निस्तरत."

"आणि लिहायला विसरलं तर?" मनीषाने विचारलं.

"विसरायचं नाही."

कारखान्यात याला उत्तर म्हणतात. घरात म्हणत नाहीत, पण मनीषाला त्या दिवशी मांडववाल्याशी भांडायचं होतं, म्हणून तिने सोडून दिलं.

नियम चार दिवस झकास चालला. पाचव्या दिवशी सोमनाथने ग्रुपवर 'घेतली' असं लिहिलं, लॅपटॉप आणि नव्वद पत्रिका जीपमध्ये टाकल्या आणि तो कळवणकडे निघून गेला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, 'सोडली' काही येईना. फाइल अडकून पडली आणि ललितचा जीव खालीवर व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी एकदाचा फोन लागला.

"सोमनाथ, अरे सोड ना ती फाइल!"

"म्या कवाच सोडली दादा! ग्रुपवर लिवायला रेंज तर पायजे ना. हितं डोंगराच्या कडंला फोन म्हंजी नुसती बॅटरी हाय."

"म्हणजे मी उघडू?"

"उघड की. मी काय तिच्यावर बसलोय का!"

ललितने उघडली आणि भराभर खुणा करायला घेतल्या. सोमनाथने फाइल सोडली होती हे खरं. पण सोडण्याआधी त्याने रेंज नसतानाच तिच्यात नव्वद खुणा केल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्याच्या लॅपटॉपच्या पोटातच राहिल्या होत्या. विंचूरला परत आल्यावर वायफाय मिळालं तसा लॅपटॉप त्या वर पाठवायला लागला. वर पाहतो तर तिथे ललितने तोवर वेगळंच काही भरून ठेवलेलं. मशीन बिचारं प्रामाणिक. कुणाचं खरं, कुणाचं खोटं यात ते पडलं नाही. त्याने दोन्ही ठेवल्या: एक 'निमंत्रण यादी' आणि दुसरी 'निमंत्रण यादी - सोमनाथ लॅपटॉप'.

मनीषाला फोल्डरमध्ये दुसरी फाइल वर दिसली. ताजी तीच असणार म्हणून ती तिच्यात काम करायला लागली. ललित आपल्या जुन्या फाइलीत. पुढचे आठ दिवस त्या घरात दोन याद्या सुखाने नांदत होत्या, आणि ग्रुपवर 'घेतली', 'सोडली' अगदी वेळच्या वेळी पडत होतं. दोघांनाही आपल्या शिस्तीचं कौतुक वाटत होतं.

पहिला फटका विंचूरच्या जयराम तात्यांना बसला. फटका म्हणजे तसा फायदाच. तात्या गांगुर्डे घराण्यातले वडीलधारे. सोमवारी सोमनाथ त्यांना पत्रिका देऊन आला आणि खूण करायला विसरला. बुधवारी ललित रजा टाकून गेला. शुक्रवारी मनीषा भावाला घेऊन गेली. तात्यांनी तिन्ही वेळा कुंकू लावून घेतलं, तिन्ही वेळा चहा पाजला आणि तिन्ही वेळा एक अक्षर बोलले नाहीत.

"तात्या, आधीच मिळाली म्हणून सांगायचं ना!" ललित नंतर फोनवर म्हणाला.

"का सांगू? दारात आल्याला मानूस परत जा म्हनू?"

आणि तात्यांनी पारावर, सोसायटीत, कांद्याच्या लिलावात, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगायला सुरुवात केली, "ललितनं मला तीनदा घरी येऊन सांगितलं. तीनदा! मान द्यायला पण मोठं मन लागतं."

झालं. ज्यांच्याकडे पत्रिका एकदाच गेली होती त्यांना ती अचानक कमी वाटायला लागली. निफाडहून चुलतभाऊ गोटीरामचा फोन आला.

"आम्ही काय वाटंवर पडलोय का? तात्याला तीन डाव, आन आम्हाला एक? त्यो पन उभ्या उभ्या!"

"गोटूभाऊ, तसं नाही. ते फाइल सिंक झाली नाही म्हणून झालं. दोन कॉपी झाल्या."

"मंग आमच्याच टायमाला बरी सिंक झाली!"

ललित निफाडला दुसऱ्यांदा गेला, बसून चहा प्याला, वर पोहे खाल्ले. ते ऐकून गोटीरामच्या व्याह्यांचा फोन आला. अशी एकोणीस घरं परत करावी लागली. लग्नाला दहा दिवस उरले असताना नवरीचा बाप ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात घेऊन फिरत होता.

शेवटी रविवारी तो मांडी ठोकून बसला. दोन्ही फाइली शेजारीशेजारी उघडल्या, एकेक खूण तपासून सगळ्या एकीत आणल्या आणि दुसरी पुसून टाकली. मग शेवटचा हात म्हणून नावाचा रकाना निवडला आणि डुप्लिकेट काढायचं बटण दाबलं. अडतीस नावं उडाली. सहाशे बाराची यादी पाचशे चौऱ्याहत्तरवर आली.

"मनीषा, इकडे ये! बघ, अडतीस नावं दोनदोनदा होती. आपण उगाच पळत होतो."

मनीषा हातातलं काम टाकून आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई." तिला खरंच बरं वाटलं होतं.

लग्नाच्या आधीच्या बुधवारी सकाळी सोमनाथचा फोन आला. "दादा, आत्या काय म्हनली?"

"कुठली आत्या?"

"आपली! चांदवडची. तूच म्हनला व्हता ना, तिच्याकडं मीच जानार, कुनी जायचं नाय."

ललितने फाइल उघडली. "दिलीय की. 'नवसाबाई आत्या', पुढे खूण आहे. झालं."

"कोनी दिली?"

"तूच दिलीस असं दिसतंय. गाव..." ललितने बोट पुढच्या रकान्यावर नेलं. "गाव कळवण आहे."

"ती माझी आत्या," मनीषा मागून म्हणाली. "माझ्या आत्याचं नावही नवसाबाईच आहे. भाऊजीच देऊन आले."

मग दोघांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. यादी दोघांनी मिळून भरली होती, आणि जो तो ज्याला जसं हाक मारतो तसं लिहून मोकळा झाला होता. ललितने आपली नवसाबाई आत्या लिहिली, मनीषाने आपली. मशीनने नाव पाहिलं, गाव पाहिलं नाही, कारण ललितने त्याला तेवढंच बघायला सांगितलं होतं.

"अहो!" मनीषा ओरडली. "'मोठे मामा' पण दोन होते! माझे मोठे मामा उडाले!"

ललितला मामांचं काही ऐकू आलं नाही. गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, तेव्हा नवसाबाई आत्याने त्याला चांदवडला स्वतःच्या घरी ठेवून दहावी केलं होतं. तीन वर्षं पहाटे उठून त्याच्यासाठी भाकरी थापली. नोकरी लागल्यावर तो पाया पडायला गेला, तेव्हा तिने एकच मागणं केलं होतं, "तुझ्या लेकराच्या लग्नाचं मला सगळ्यांच्या आधी सांगशील." म्हणून तर हे एक नाव त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं. साडी घेऊन, निवांत जायचं होतं. आता चार दिवस उरले होते आणि पाचशे चौऱ्याहत्तर लोकांना सांगून झालं होतं, काहींना तीनदा.

"ती आली नाही तर मी मांडवात कुठल्या तोंडाने उभा राहू?" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता बोलत बसू नका. साडी घ्या, नारळ घ्या आणि निघा. बाकीचे सदतीस मी बघते."

चांदवडपर्यंत ललित गाडीत एकटाच मोठ्याने सबबी म्हणून पाहत होता. ऑफिसात सुट्टी नव्हती, गाडी बंद पडली, तब्येत बरी नव्हती. सिंक हा शब्द त्याने पिंपळगावच्या टोलनाक्यालाच वगळला. आत्या ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिला पाहिल्यावर त्याला एकही सबब आठवेना. तो सरळ पायावर डोकं टेकवून म्हणाला, "आत्या, माझ्या हातून तुझं नाव यादीतून पुसलं गेलं. शपथेवर सांगतो, चुकून. सगळ्यांना सांगून झालं आणि तूच राहिलीस."

आत्याने लसणाची सुपली बाजूला सरकवली.

"कसली यादी?"

"पाहुण्यांची."

"पाव्हन्यांच्या यादीत माझं नाव घातलंच कशाला रं?" आत्याचा आवाज चढला. "म्या काय पाव्हनी हाय? पुसलं ते ब्येस केलं. ठिवलं असतं तर मंग बोलले असते तुला!"

ललित तिथेच ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आत्याने त्याला रडू दिलं, पाणी दिलं आणि पदराने स्वतःचेही डोळे पुसले.

"आन सगळ्यांच्या आधी मलाच कळलंय," ती म्हणाली. "साखरपुडा झाला तसा निकितानं फोन केला. म्हनली, आजी, तारीख ठरली. पोर गुनाची हाय. तवापासून मी बसल्ये का घरी? हर्षाली, वही आन गं!"

सून हर्षाली शंभर पानी वही घेऊन आली. आत्याने सांगायचं आणि हर्षालीने लिहायचं, अशी पानंच्या पानं भरली होती.

"पंधरा दिस झाले, दोघी घरोघर फिरतोय. तुझ्या शाळंचे मास्तर, शेजारपाजार, भजनी मंडळ. चौसष्ट घरं झाली. आन एकेकाला नाय सांगितलं बरं, समद्यांना चूलबंद सांगितलंय. त्या दिवशी कुनाच्या घरात चूल पेटली तर माझं नाव सांगू नका म्हनलं. म्हातारंकोतारं, तान्ही लेकरं, समदी येनार."

ललितने मनातल्या मनात चौसष्टला सहाने गुणलं. उत्तर पटेना म्हणून परत गुणलं.

"काय रं, कमी पडली का?"

"नाही आत्या," तो घाईघाईने म्हणाला. "लय झाली."

"तीन ट्रक सांगितल्यात. त्येचं टेन्शन घिऊ नको."

खिशातला फोन वाजला. मनीषा होती. मोठे मामा सापडले होते, जरासे रुसले होते, पण येणार होते. तिला घाई होती.

"आत्यांचं काय झालं? रागावल्या का?"

"नाही. येतेय."

"देवी पावली! एकट्याच येताहेत की सोबत कुणी आहे? केटररला ताटांचा शेवटचा आकडा आत्ताच सांगायचाय."

ललितने आत्याकडे पाहिलं. ती नवी साडी उलगडून, अंगाला लावून हर्षालीला दाखवत होती. त्याने मांडीवरच्या वहीकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं, थोडं थांब," तो म्हणाला. "चांदवड येतंय."