तलासरीच्या काट्याला लागली धाप

कुणाला कामाला कसं लावायचं, ते मला कुणी शिकवू नये! शाळा माझी दुसरीपर्यंत. पण आगर गावची आमची चिकूची वाडी मी नुसत्या नजरेने चालवली. मजूर रेंगाळला की डोक्यावर जाऊन उभं राहायचं. काम होतंच!

माझी सून दीप्ती कॉम्प्युटरवाली. तलासरीच्या आमच्या गोदामात वजनकाट्यावर चिकू चढला की इथे मोबाइलवर दिसावा, असा रिपोर्ट तिने बसवला. दिसायचा, पण बैलगाडीतून आल्यासारखा!

"आई, तो दर वेळी थेट तलासरीला विचारून येतो. करते काहीतरी."

नेमके त्याच दिवशी वापीचे व्यापारी हसमुखभाई ओटीवर येऊन टेकले. ताजा साठा मोबाइलवर डोळ्यांनी बघून हंगामभराचा माल ठरवणार. नाहीतर चालले शेजारच्या वाडीत! दीप्ती आत लॅपटॉपशी झटत होती. मी म्हटलं, बघतेच या रिपोर्टाकडे! दीप्तीने मला पाठवलेली रिपोर्टाची लिंक मी बायांच्या ग्रुपवर ढकलली आणि चिकू निवडणाऱ्या सगळ्याजणींना ओरडले, "बायजी, मोबाइल काढ! कमळी, तूही! उघडा आणि दाबत राहा!"

"काकी, नुसतं चाक फिरतंय."

"मग जोरात दाब! भाकरी थापताना बोटं दुखतात का?"

बाया थापत सुटल्या. चाक पार मरगळलं. तेवढ्यात तलासरीहून माझ्या सुदर्शनचा फोन. "आई, इथे काटाच अडलाय! टेम्पोंची रांग हायवेला लागली!"

"हवे केटली वार, बा? अजून किती वेळ?" म्हणत हसमुखभाईंनी चपला घातल्या.

दीप्ती धावत बाहेर आली. थापाथापी बघून तिने कपाळाला हात लावला. "आई, प्रत्येक बोटामागे एक माणूस तलासरीला पळतोय असं समजा. सगळे एकाच दारात अडकलेत! थांबवा!"

बोटं थांबली. चाकाने दोन गिरक्या घेतल्या आणि साठा लख्ख समोर!

"आ शुं हतुं? हे काय होतं?" हसमुखभाईंनी विचारलं.

"आईंनी घेतलेली परीक्षा, शेठ," दीप्ती शांतपणे म्हणाली. "एवढ्याजणी तुटून पडल्या तरी रिपोर्ट मोडतो का, ते बघितलं. नाही मोडला!"

सौदा झाला! शेठ गेल्यावर मी तिचा हात धरला. "पोरी, लाज राखलीस माझी. उपकार आहेत तुझे."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मोबाइलवर खास माझा रिपोर्ट बसवला. सकाळी एकदाच तलासरीहून सगळं आणून ठेवतो, मग जागचा हलत नाही. आता मी कितीही दाबलं तरी झटकन उघडतो! आकडे संध्याकाळपर्यंत तेच असतात म्हणा. पण सुनेने इतक्या मायेने दिलंय, तक्रार कुठल्या तोंडाने करू?