विजोड जोडीबाबतचा ठराव

सिंदी (रेल्वे)जवळच्या आमच्या गावात यंदा पोळ्याच्या तोरणाखाली कोणत्या बैलजोड्या उभ्या राहाव्यात, हे ठरवायला उपसमिती नेमण्यात आली. आजवर बैल येऊन आपापले उभे राहायचे. या बेशिस्तीची उत्सव समितीने गंभीर दखल घेतली होती.

पहिल्याच बैठकीत एक जोडी अपात्र ठरली. शेरा पडला: विजोड. पांढरा बैल धुरपताबाईंचा, तांबडा नत्थूभाऊंचा. दोघांकडे एकेकच बैल, म्हणून दोघांची सावड. जोडी जुंपायची आणि दोन्ही शेतं वाहायची. धुरपताबाईंचा बैल आता थकला होता. हा त्याचा शेवटचा पोळा, आणि त्याला तोरणाखाली मानानं उभा केल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती.

"अध्यक्षसाहेबाच्या जोडीचीबी शिंगं सारखी नाईत," त्या म्हणाल्या. "मंग आमचीच काऊन विजोड?"

प्रश्न तांत्रिक असल्याने शब्दाचा उगम तपासण्याचे ठरले. मराठीचे निवृत्त प्राध्यापक प्रभाकरराव कोश घेऊन आले.

"जोड म्हणजे जुळणं. आधी 'वि' लागला की ते जुळणं संपलं," त्यांनी सांगितलं. "रंगाचा यात संबंध नाही. ही जनावरं एका जुवाखाली चालतात ना? मग यांना विजोड कसं म्हणणार?"

अध्यक्षांच्या बैलांनी जू कधी पाहिलंच नव्हतं. शेती ट्रॅक्टरवर, बैल पोळ्यापुरते. प्राध्यापकांना चहा पाजून निरोप देण्यात आला. उगम फार जुना पडतो, सबब समितीने अर्थ नवा केला: जोडी एकाच गोठ्यातली हवी.

"मंग आजच माहा बैल नत्थूभाऊच्या गोठ्यात बांधते," धुरपताबाई म्हणाल्या.

सचिव मुकेश यांनी घसा खाकरला. "काकू, तसं नोका करू. ते त लयच विजोड दिसन."

"कोन? बैल?" नत्थूभाऊंनी विचारलं.

मुकेश यांनी पुढचा विषय घेतला.

पोळ्याला अध्यक्षांची जोडी नव्या झुली घालून तोरणाखाली उभी राहिली, फोटो निघाले. धुरपताबाईंनी आपल्या बैलाला दारातच पुरणपोळी भरवली. डफडं वाजलं तशी सवयीनं त्यानं तिकडे मान वळवली, आणि त्यांना रडू आवरेना.

वाचकहो, समितीचा तुम्हाला राग आला असेल, यायलाच हवा. मात्र धुरपताबाई आणि नत्थूभाऊ यांची आडनावं मी कुठेच लिहिलेली नाहीत. ती तुम्ही कोणत्या ओळीपासून शोधताय?