एकेक बदलणारे शिळीमकर

कँटीनचा चहा गोड झाला आणि पातळही, तर शिळीमकर फक्त साखर कमी करायला सांगत. दुधाचं नाव काढत नसत. "आधी साखरेचा निकाल लागू दे," म्हणत. दुधाची तक्रार दुसऱ्या दिवशी.

सत्तरच्या दशकात पुण्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटरवर होतो. खोलीभर पसरलेलं ते यंत्र काम चालू असताना मध्येच बंद पडू लागलं. दुरुस्तीवाले तपासून गेले; यंत्र ठणठणीत होतं. म्हणजे खोट ते चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये. एका वेळी किती कामं घ्यायची, कुठल्या कामाला किती मेमरी द्यायची, हे त्यातले आकडे ठरवत.

"सगळेच बदलून टाकू," मी म्हणालो.

शिळीमकर वेल्ह्याकडचे, मार्गासनीचे. वैतागले की गावच्या बोलीवर यायचे. "आन् चाललं, तर कशानं चाललं ते तुमी सांगनार व्हय?"

ते एक आकडा बदलत, मूळ प्रोग्रॅम नव्यानं चढवत आणि वाट पाहत बसत. साहेब चिडत. अखेर कामांची संख्या कमी केल्यावर यंत्र सुरळीत झालं. आम्ही पेढे मागवले, तर शिळीमकरांनी तो आकडा मुद्दाम पहिल्यासारखा केला! यंत्र पुन्हा बंद पडलं, तेव्हा कुठं त्यांना खात्री पटली.

पुढं गावी त्यांची बायको तापानं अंथरुणाला खिळली. शिळीमकर रजेवर गेले ते येईचनात. मी एसटीनं मार्गासनी गाठली.

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. अशक्त, पण हसऱ्या. दंडात गंडा, कपाळाला अंगारा. कोनाड्यात भोरच्या डॉक्टरची बाटली, शेजारी वैदूच्या काढ्याची पुडी. खाटेची दिशासुद्धा फिरवलेली.

"ह्यांनी समदं एकदमच चालू केलं," वहिनी म्हणाल्या. "ताप कवाच गेलाय. आता काढा तरी सोडू द्या म्हनते, तर ऐकत न्हाईत."

मी शिळीमकरांकडं वळलो. "अहो, एकेक बंद करून बघा की. कशानं गुण आला ते कळेल."



"न्हाई कळलं तरी चालंल," ते हळूच म्हणाले.

मग उठले, चुलीवरचा काढा वाटीत ओतला आणि फुंकर घालत घालत वहिनींसमोर जाऊन बसले.