रॉकेटचा दहावा

"कासव सांभाळायला अक्कल लागत नाही हो! आमच्या रोह्याच्या विहिरीत होतं एक. त्याला कोण काय घालत होतं? जगलंच ना बापडं!"

अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये, चहाच्या वेळेला, सगळ्यांच्या देखत उपेंद्र टिपणीस हे बोलला आणि अडकला. ब्रायनसाहेब नोकरी सोडून कायमचा मायदेशी चालला होता आणि त्याच्या दोन वाळवंटी कासवांना घर हवं होतं. साहेबानं तिथल्या तिथे उपेंद्रचा हात हातात घेतला, "थँक यू, माय फ्रेंड!" संध्याकाळी कंपनीच्या पिकअपमधून, केळ्यांच्या खोक्यात बसून, दोन्ही कासवं अबूधाबीच्या घरी हजर! साल सत्त्याण्णव, उन्हाळा नुकता तापायला लागलेला.

आता हे सांगायलाच हवं, की बढाया मारण्याचे ते दिवस नव्हते. उलट कित्येक आठवड्यांनी हा माणूस चारचौघांत तोंड उघडून बोलला होता. फाल्गुनात त्याचे वडील गेले. रोह्याहून फोन आला तेव्हा याचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कुठल्याशा ऑफिसात अडकलेला. कंपनीचा माणूस रोज म्हणायचा, "उद्या, इन्शाल्ला!" तो उद्या उगवेपर्यंत तिकडे धाकट्या भावानं, प्रल्हादनं, सगळं उरकलंसुद्धा. आणि फोनवर सहज बोलून गेला, "पिंडाला कावळा शिवला नाही रे, दादा. नदीवर बसून बसून कंटाळलो. शेवटी दर्भाचा कावळा केला. बाबांच्या मनात काहीतरी राहिलं होतं बघ."

काय राहिलं होतं ते उपेंद्रला पक्कं ठाऊक होतं. थोरला आला नव्हता, ते राहिलं होतं! बायकोजवळ, मनोरमाजवळही, तो हे बोलला नाही. नुसता पानातला भात चिवडत बसायचा आणि तसाच उठायचा. घराला अशी कळा आली होती की टीव्ही लावायचीसुद्धा चोरी.

कासवं आली ती या घरात. जुन्या व्हिलाचा तळमजला, पुढे वाळूचं अंगण, अंगणात एक बोराचं झाड. उपेंद्रनं रोह्याची विहीर आठवून कपडे धुवायचा टब काठोकाठ भरला आणि दोघांना अलगद आत सोडलं. दोघंही दगडासारखी तळाला गेली!

"पप्पा, दे आर ड्राउनिंग!" पाचवीतली केया किंचाळली.

"अगं, पोहतील आता!"

"दे कान्ट स्विम! दे आर डेझर्ट टॉर्टॉइजेस!"

मनोरमानं पदर खोचून दोघांना बाहेर काढलं, उलटं धरलं, आणि कासवानं नवऱ्याकडे जसं बघितलं तसंच तिनंही बघितलं. केयानं धाकट्याचं नाव स्पीडी ठेवलं आणि मोठ्याचं रॉकेट. रॉकेट खोलीच्या उंबऱ्यापासून बोराच्या झाडापर्यंत जायला अख्खी संध्याकाळ घ्यायचा.

पण उपेंद्र त्या रॉकेटमध्ये गुंतला. कसा गुंतला म्हणाल, तर त्याची सुरकुतलेली मान, ते दात नसल्यासारखं चघळणं, ते सावकाश डोळे मिटणं, सगळं थेट बाबांचं! समोर ठेवलेल्यातली काकडी रॉकेट आधी संपवायचा आणि मग मान उंच करून नुसता बघत राहायचा. बाबाही कोशिंबीर आधी संपवून असेच बघायचे. तोंडानं कधी मागायचे नाहीत. उपेंद्र कामावरून आला की चहाचा कप घेऊन रॉकेटशेजारी बसायचा आणि पुटपुटत काहीबाही सांगायचा. मनोरमा आतून बघायची आणि गुपचूप आणखी काकडी चिरायची.

मग ऊन असं चढलं की अंगणात चप्पल विसरली तर तळवा भाजावा. उपेंद्रला साइटवर रुवैसला जावं लागलं. परत येतो तर रॉकेट बोराखाली गपगार! मान आत, पाय आत, हाक मारा, ठोका, काकडी नाकाशी धरा, हूं नाही की चूं नाही.

वरच्या मजल्यावरच्या सदानंद म्हसकरला बोलावलं. हा गृहस्थ आठवडाभर अकाउंटंट आणि सुट्टीच्या शुक्रवारी हौशी गुरुजी. त्यानं रॉकेटपुढे दाढीचा आरसा धरला, कवचावर टिचकी मारली आणि मान हलवली. "खलास."

"अंकल, मेबी ही इज स्लीपिंग," केया म्हणाली.

"बाळा, मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये!"

उपेंद्र मटकन खाली बसला. "याही वेळी मी इथे नव्हतो," एवढंच म्हणाला. कुणाला काही कळलं नाही, मनोरमाला मात्र कळलं.

बोराखालीच वीतभर खड्डा करून त्याला पुरलं. वर वाळू लोटता लोटता सदानंद म्हणाला, "उपेंद्रराव, कासव म्हणजे विष्णूचा अवतार. तुमच्या अंगणात गेलाय. दहावा करायला हवा हो, नाहीतर दोष लागेल!"

"करू!" उपेंद्र इतक्या झटकन म्हणाला की खुद्द सदानंद दचकला.

"फक्त दहावा दिवस मंगळवारी येतोय. मंगळवारी मला ऑडिट आहे. शुक्रवारी करू."

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आखातात गणपती शुक्रवारी येतात, दिवाळी शुक्रवारी येते, मग कासवाचा दहावा का नाही येणार?

शुक्रवारी सकाळी सदानंद सोवळं नेसून, बगलेत पोथी आणि हातात टेपरेकॉर्डर घेऊन खाली उतरला. दहाव्याची कॅसेट अबूधाबीत मिळत नव्हती, म्हणून सत्यनारायणाची लावली. "सुरुवात सारखीच असते," असा खुलासा झाला. मनोरमानं भाताचा पिंड केला, त्यावर काळे तीळ आणि रॉकेटची आवड म्हणून काकडीच्या फोडी. स्पीडीला न्हाणीघरात कोंडलं. सदानंदनं तिलांजली म्हणून त्या जागेवर अख्खी बादली पाणी ओतायला लावलं आणि सगळे बाजूला होऊन कावळ्याची वाट बघू लागले.

कावळा आला की! शेजारच्या व्हिलाच्या डिश अँटेनावर बसला. बसला तो बसलाच. साळुंक्या येऊन गेल्या, त्यांना हाकललं. कबुतरं आली, त्यांनाही हाकललं. मनोरमानं कावळ्याला लालूच म्हणून मूठभर सुकट आणून ठेवली, तर गल्लीतल्या मांजरी आल्या! सुकट फस्त केली आणि पिंडाभोवती पाहुण्यांसारख्या बसून राहिल्या. तेवढ्यात टेपरेकॉर्डरवर आरती सुरू झाली आणि सदानंद सवयीनं टाळ्या वाजवू लागला.

"म्हसकर!" मनोरमा ओरडली.

"सॉरी, सॉरी! बरं, आता वचन द्या. त्याच्या मनात काय राहिलंय ते ओळखून बोला. यल्ला, लवकर, माझी पाठ भाजतेय!"

"आय प्रॉमिस, मी तुझ्या शेलवर स्टिकर्स लावणार नाही," केया म्हणाली.

"फ्रिजमधली शिळी कोबी घालणार नाही," मनोरमा म्हणाली.

"त्याला मिरचीची भजी मीच घातली होती," सदानंद हळूच बोलून गेला. कावळ्यानं तोंड फिरवलं.

मग उपेंद्र पुढे झाला. हात जोडले.

"बाबा," तो म्हणाला, "पासपोर्ट माझ्या हातात नव्हता हो! असता तर पळत आलो असतो. तुम्ही वाट बघत राहिलात ना? मला रोज ते दिसतं, बाबा. जेवण जात नाही. आता रागावू नका. एकदा शिवा!"

मनोरमानं पदर तोंडाला लावला. सदानंद पोथीत डोकं घालून नाक ओढत राहिला. आणि तो मेला कावळा पंख झटकून सरळ समुद्राच्या बाजूला उडून गेला.

उपेंद्र तसाच गुडघ्यांवर बसला. "नाहीच," म्हणाला.

तेव्हा त्याच्या गुडघ्यापुढची ओली वाळू हलली. आधी एक नखांचा पाय बाहेर आला, मग डोक्यावर वाळूचा ढीग घेऊन अख्खा रॉकेट!

सदानंद पोथी टाकून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. मांजरी पसार. रॉकेट सावकाश चालत पिंडाशी आला आणि आपल्याच दहाव्याचा पिंड खाऊ लागला. आधी काकडी संपवली. मग सुरकुतलेली मान उंच करून, काही न बोलता, उपेंद्रकडे बघत राहिला.

"मनोरमा," उपेंद्र रडत रडत म्हणाला, "अगं, अजून काकडी आहे का?"

"आहे हो, आहे!" ती आत धावली.

"ही वॉज स्लीपिंग!" केया कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बिकॉज ऑफ द हीट! आय टोल्ड यू!"

"पण मग हे शिवणं धरायचं की नाही?" सदानंदनं पायरीवरूनच विचारलं. "पोथीत याची सोय नाही."

उपेंद्रपुरतं ते धरलं गेलं होतं. त्या दुपारी त्यानं पानातला भात सगळा संपवला, वर दोनदा मागून घेतला. मग हात धुऊन रोह्याला फोन लावला.

"प्रल्हाद! अरे, शिवला रे शिवला! माझ्या डोळ्यांदेखत शिवला!"

"काय सांगतोस, दादा! कावळा?"

"कासव!"

तिकडून प्रल्हादनं अगदी हळू, काळजीनं विचारलं, "दादा, तिकडे ऊन फार आहे का रे?"