तात्यांचा हिरवा हापसा

तात्यांची गोळी हा त्या घरातला सकाळचा मुख्य कार्यक्रम होता. माई एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात नारिंगी गोळी घेऊन समोर उभ्या राहायच्या. तात्या गोळी तोंडात टाकायचे, घटाघटा पाणी प्यायचे आणि मान मागे टाकून अशी काही गिळायचे की बघणाऱ्याच्याच घशात काहीतरी अडकावं. मग ते गॅलरीत आपल्या हापशाला भेटायला जायचे आणि माई निर्धास्त मनाने स्वयंपाकघरात वळायच्या.

हा हापसा म्हणजे तात्यांनी उमेदवारीच्या दिवसांत बसवलेला पहिला पंप. घरोघर नळ आल्यावर तो भंगारात निघाला, तेव्हा तात्यांनी तो वजनावर विकत घेतला, लोखंडी घोडीवर उभा केला, खाली पाण्याचा टब ठेवायची सोय केली आणि हिरवा रंग दिला. पुढे त्यांनी पंपदुरुस्तीचं दुकान काढलं, शेकडो पंप हाताखालून गेले, पण गॅलरीतला मान याचा एकट्याचा. तात्या रोज सकाळी त्याच्या वरच्या उघड्या तोंडात वाकून बघायचे. माई त्याला आपली सवत म्हणायच्या, पण कौतुकाने.

आता खरी गोष्ट सांगून टाकायला हरकत नाही. तात्या गोळी गालात धरायचे आणि वाकून बघण्याच्या निमित्ताने ती हापशाच्या तोंडात सोडायचे. आधी त्यांनी कुंडी वापरून पाहिली होती, पण माईंनी माती उकरायला घेतली आणि थोडक्यात अब्रू वाचली. हापशात मात्र कोण बघणार?

ती गोळी साधी नव्हती. तात्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला होता. त्यातल्या त्यात मवाळ जातीचा. रोज न चुकता गोळी घेतली तर माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सुरुवातीचे रिपोर्ट छान आले. या वेळी मात्र आकडे भराभर वर चढलेले दिसले आणि डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

गोळ्या नियमित चालू आहेत का, असं त्यांनी विचारलं. तात्यांनी तोंड उघडायच्या आत माईंनी उत्तर दिलं.

"मी स्वतः देते. समोर उभी राहून. एक दिवस खाडा नाही."

आता माईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तात्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग औषधाला रेझिस्टन्स आला असणार. हा शब्द माईंना ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी पत्र्याने तात्यांचा पाय कापला, तेव्हा सूज उतरली की ते गोळ्या बंद करायचे आणि चढली की दुसऱ्या सुरू करायचे. शेवटी जखमेतल्या जंतूंचा रिपोर्ट आला, त्यात औषधांची ही लांबलचक रांग होती आणि बहुतेकांना जंतू दाद देत नव्हते. महागाची इंजेक्शनं टोचून घेत तात्या दवाखान्यात पडून राहिले होते. ते आठवून माईंनी पदर तोंडाला लावला.

"जंतूंचं आणि या पेशींचं कधीकधी एकच तंत्र असतं," डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या कडेला छोटा चौकोन. "इथे एक पंप असतो. औषध आत आलं की हा ते बाहेर फेकतो."

पंप म्हटल्यावर तात्या खुर्चीत पुढे सरकले. आपण कशासाठी इथे आलो आहोत, हे ते साफ विसरले. या पंपाला मोटर कुठे, त्यांनी विचारलं. पेशीच्याच ताकदीवर चालतो म्हणे. दट्ट्या? दट्ट्या नाही, पंपच आपला आकार बदलतो. वायसर झिजत नाही? झिजलं तर पेशी नवा पंप बनवते. एवढं ऐकून तात्यांच्या चेहऱ्यावर असा आदर उमटला की जणू शेजारच्या गल्लीत कुणी आपल्याहून मोठा मिस्त्री आला आहे. पण शेवटची गोष्ट त्यांना पटेना. हा एकच पंप एकमेकांशी काही नातं नसलेली तीन-चार औषधं बाहेर फेकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या.

"नाही हो बाई," तात्या म्हणाले. "पाण्याचा पंप वेगळा, डिझेलचा वेगळा, चिखलाचा वेगळा. सगळं एकानेच ओढायचं? असा पंप असतच नाही."

"आम्हालाही त्याचं नवलच वाटतं, तात्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सोमवारी दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं. दुसरं औषध सुरू करायचं होतं. ते जास्त कडक होतं, सुरुवातीला नजरेखाली द्यावं लागणार होतं आणि त्याचा त्रासही जास्त होणार होता. निघताना त्यांचं माईंच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे, असं त्यांनी विचारलं. माई म्हणाल्या, माझं काय घेऊन बसलात.

जिना उतरताना तात्या अजून त्या पंपाचाच विचार करत होते. तळमजल्यावर आल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्या पेशींना बिचाऱ्यांना पंप चालवायची वेळच आलेली नाही. औषध आत गेलंय कुठे?

आता सरळ घरी जाऊन खरं सांगायचं, एवढंच काम होतं. पण माईंनी डॉक्टरांपुढे छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, आणि तो खोटा पाडायचा म्हणजे चारचौघांत माईंना खाली बघायला लावायचं. तात्यांनी त्यापेक्षा सोपा वाटणारा मार्ग निवडला. गोळ्या गुपचूप बाहेर काढायच्या, पुरावा नाहीसा करायचा आणि मग डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून सांगायचं. शनिवारी दुपारी माई आडव्या झाल्या, तसे तात्या, हापसा खोलला तर आवाजाने त्या उठतील म्हणून, तारेचा आकडा घेऊन हापशाशी झटू लागले. आकड्याला काही लागेना. मग त्यांनी दुकानातलं लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं. ते हापशाच्या आतल्या भिंतीला जे चिकटलं ते लवकर सुटेना. पंपाच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला गोळी लोखंडाची नसते आणि हापसा असतो हे दोरी ओढता ओढता आठवलं.

नेमकी त्याच वेळी लेक आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तिच्या हाताखाली चार शिक्षक होते, पण घरात ती अजून छकुलीच होती. सोबत जावईबापू होते. त्यांचा घसा गेल्या महिन्यात धरला होता आणि घरी रंगकाम चालू असल्याने आणि छकुली शिबिराला गेल्याने आठवडाभर ते एकटेच इथे राहिले होते, त्यामुळे सासुरवाडीत ते आता पाहुण्यासारखे वागत नसत. छकुलीने वडलांचं डोकं हापशात पाहिलं आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की तात्या डॉक्टरांनी सांगितलेला पंप समजून घेत आहेत. तिला भरून आलं. अशा दुखण्यातही माणसाची जिज्ञासा मरत नाही.

ती म्हणाली, उद्या आपण हापसा चालवू. टब म्हणजे पेशी, रंगीत मणी म्हणजे औषध, आणि मी मोबाइलवर चित्रण करून मुलांना वर्गात दाखवेन.

तात्यांनी सांगितलं, वायसर सुकलंय. छकुलीने आठवण करून दिली की गेल्याच वर्षी त्यांनी नवीन चामड्याचं वायसर घातलं होतं. मग दांडा आखडल्याचं निघालं. तो तिने एका बोटाने हलवून दाखवला. गंमत अशी, की तात्यांच्या बाजूने दोन अनपेक्षित वकील उभे राहिले. माई म्हणाल्या, गॅलरीभर पाणी होईल, मला नाही पुसायचं. जावईबापूही म्हणाले, कशाला उगाच, इंटरनेटवर तयार चित्रं मिळतात. एरवी या दोघांचं एका भाजीवरसुद्धा एकमत होत नसे. पण छकुलीपुढे कुणाचं चाललं आहे?

रविवारी सकाळी ती मण्यांचा डबा घेऊन हजर झाली. टब भरला. तात्या दांड्याला पाठ लावून उभे होते. तो पंप आता शोभेचाच आहे, असं ते पुन्हा सांगत असताना जावईबापूंनी शेवटचा प्रयत्न केला.

"जाऊ दे ना गं. बंद पडला असेल हापसा. जुनी वस्तू, किती दिवस चालणार."

हे बोलणं खरं तर तात्यांच्या पथ्यावर पडलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण आपल्या हापशाला कुणी बंद पडलेला म्हणावं, तेही ज्याला साधा नळाचा आटा नीट फिरवता येत नाही अशा माणसाने? तात्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बंद? माझा हापसा?" त्यांनी तांब्याभर पाणी वरच्या तोंडात ओतलं आणि दांडा हाणला.

दुसऱ्या झटक्याला हापसा घोगरला. तिसऱ्याला चोचीतून नारिंगी पाण्याची धार लागली आणि तिच्यासोबत गोळ्या. काही अर्ध्या विरघळलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या, टपटप टबात पडू लागल्या. छकुली मोबाइल धरून खूश होत म्हणाली, बघा, औषध कसं बाहेर येतंय. मग तिने हातातल्या डब्याकडे पाहिलं. मणी अजून डब्यातच होते.

माई पुढे आल्या, टबातून एक गोळी उचलली आणि तळहातावर ठेवून बघत राहिल्या.

"मी समोर उभी राहायचे हो," त्या म्हणाल्या.

तात्यांनी दांडा सोडला. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"ती गोळी घेतली की बोटं वळायची, माई. वायसर धरायला गेलो की पंजा आखडायचा. नट हातातून पडायचा आणि दुकानातलं गिऱ्हाईक तो उचलून द्यायचं. एक दिवस नाही घेतली, तर हात सुटला. म्हटलं, हातच गेले तर नुसतं जगून काय करू?"

माईंनी ते हात आपल्या हातात घेतले. त्यांना राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून त्या एकेक बोट चोळत राहिल्या. छकुलीने डोळे पुसले आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. सगळ्या गोळ्या बाहेर काढायच्या, उद्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या.

"पुरे आता, कळलं ना सगळं," माई घाईने म्हणाल्या.

"हो, हो, पुरे," जावईबापू म्हणाले.

छकुलीने स्वतः दांडा धरला. आणखी नारिंगी गोळ्या आल्या, आणि मग धारेतून एक फुगलेली लाल-काळी कॅप्सूल घरंगळत आली. तिच्यामागे आणखी दोन. तात्या वाकून बघत म्हणाले, ह्या काही माझ्या नाहीत. छकुली हळूच नवऱ्याकडे वळली. घशासाठी दिलेल्या कॅप्सूल पूर्ण संपवा, नाहीतर जंतू शेफारतात, असं तिने त्यांना रोज फोनवरून बजावलं होतं.

"घसा बरा झाला होता गं," जावईबापू हापशाकडे बघत म्हणाले.

तात्यांना हसू आवरेना. त्या भरात त्यांनी लेकीच्या हातून दांडा घेऊन आणखी दोन झटके मारले. पाणी आता स्वच्छ यायला लागलं होतं. त्या स्वच्छ पाण्यातून बारीक पांढऱ्या गोळ्या आल्या, आणि टबाच्या तळाशी एकामागून एक जाऊन बसल्या.

तिघांनीही माईंकडे पाहिलं. माई गॅलरीतल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या होत्या. कपडे अजून ओले होते.

"माई," तात्या म्हणाले, "ही तुझी ब्लडप्रेशरची ना?"

"ती घेतली की सकाळभर झोप येते," माई पाठमोऱ्याच बोलल्या. "मी झोपले असते, तर तुमच्या गोळीकडे लक्ष कुणी दिलं असतं?"

तात्या जाऊन त्यांच्याशेजारी उभे राहिले आणि ओल्या चादरीचं एक टोक धरलं.

सोमवारी काचेची बरणी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेली. नारिंगी, लाल-काळं आणि पांढरं, सगळं एकत्र. त्यांनी आधी बरणीकडे पाहिलं, मग रांगेत खाली माना घालून बसलेल्या तिघांकडे. एवढा त्रास होत होता तर सांगितलं का नाही, बोटं वळण्यावर उपाय असतो, असं त्या तात्यांना बऱ्यापैकी कडक आवाजात बोलल्या. दुसरं औषध तूर्त थांबवलं. पहिलं हरलंय असं म्हणायला ते आधी मैदानात उतरायला हवं होतं. तीच गोळी पुन्हा सुरू करायची, रक्त वरचेवर तपासायचं, आणि मग बघू. माईंची झोपेची गोळी बदलून मिळाली, म्हणजे ती मुळात झोपेची नव्हतीच. जावईबापूंना जे मिळालं ते छकुलीने वाटेत दिलं.

उठता उठता तात्या थांबले.

"बाई, परवा मी चुकलो," ते म्हणाले. "एकच पंप तीन-तीन औषधं बाहेर फेकतो, असा पंप असतो. आमच्या गॅलरीत आहे."

पुढच्या काही रिपोर्टांत आकडे खाली उतरू लागले आणि पेशींनी पंप चालवल्याचं दिसलं नाही. हापशाच्या वरच्या तोंडावर आता जाड पत्र्याचं झाकण आहे. ते तात्यांनी स्वतः, न वळणाऱ्या बोटांनी, चार नट आवळून बसवलं. रोज सकाळी माई त्यांना गोळी देतात आणि तोंड उघडायला लावून जिभेखाली बघतात. मग पेला भरून तात्या माईंसमोर उभे राहतात.

"हं, आता तू. आ कर."