देवा, त्यांना ऊब पाठव

कात्रीमावशींनी ठरवलं होतं ते एवढंच, की आपल्या वर्गात एकाही पोराला जांभई येता कामा नये. त्यापायी सात घरांत आरडाओरडा होईल, पाळकसाहेबांचं प्रवचन सात मिनिटांत आटपेल आणि सेक्रेटरीबाई चार रविवार डोक्याला रुमाल बांधून बसतील, हे काही त्यांच्या मनात नव्हतं. (निदान शेवटचं तरी नव्हतं, असं त्या शपथेवर सांगतात.)

कात्रीमावशी हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हे. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. गाणाऱ्यांचे झगे त्याच शिवायच्या, आणि झगा तंग झाला तर "झगा आटला नाही, तुम्ही वाढलात" हेही त्याच सांगायच्या. तेव्हा नाव हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, यावर मंडळीत दोन मतं होती. मावशींसमोर मात्र एकच असायचं.

शाळा चौथीनंतर सुटली. घरात धाकटी भावंडं होती, त्यांना कुणी बघायचं? तेव्हापासून खडू हातात धरून पोरांसमोर उभं राहायची हौस मनात राहून गेली ती राहूनच गेली. खडू तसा जन्मभर हातात होता, पण कापडावर आखायचा.

आणि मग रविवारच्या शाळेच्या बाई बाळंतपणाला गेल्या. सेक्रेटरीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, काखेत फाईल, डोक्यावर वीतभर उंच अंबाडा. त्यांनी लगेच आपल्या बीएड झालेल्या भाचीचं नाव पुढं केलं. पण भाची सहा आठवडे शाळेच्या परीक्षांच्या कामात अडकलेली.

"मी घेते वर्ग," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही?" सेक्रेटरीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शिक्षण किती?"

"चौथी पास. पोरं तिसरीतली आहेत. एक इयत्ता पुढं आहे की मी!"

पाळकसाहेब भला माणूस. भांडण दिसलं की त्यांना मधला रस्ता सुचतो. ते म्हणाले, "सहा रविवार मावशींना घेऊ द्या. मग कमिटी ठरवेल, वर्ग कुणाकडे ठेवायचा ते."

सेक्रेटरीबाईंनी नाइलाजानं विषय नेमून दिला: परदेशात सेवा करणारी मिशनरी कुटुंबं. आपल्याच मंडळीतून चार वर्षांपूर्वी गेलेलं एक कुटुंब होतं. नवरा डॉक्टर, बायको नर्स, एक मुलगी, एक मुलगा. "त्यांच्याबद्दल शिकवा," असं म्हणून बाईंनी त्यांच्या फोटोची एक झेरॉक्स हातावर ठेवली. आणि पत्ता, इंग्रजीतला. देश कुठला, कसला, ते ना बाईंनी सांगितलं, ना मावशींनी विचारलं. बाकी फाईल काखेतच राहिली.

झेरॉक्स मशीनची शाई संपत आली असावी. चौघांचे चेहरे, मागं एक झोपडीवजा दवाखाना, आणि बाकी सगळं पांढरंफेक. जमीन पांढरी, छप्पर पांढरं, आकाश पांढरं.

मावशींनी फोटो नाकाजवळ धरला, लांब धरला, आणि मग वर्गाला सांगितलं, "हा बघा बर्फ."

पोरं आ वासून बघत राहिली.

"गुडघाभर बर्फ! असल्या थंडीत ही पोरं राहतात, तुमच्याएवढी. का? तर तिथल्या आजारी माणसांना औषध द्यायला दुसरं कुणी नाही म्हणून. आणि तुम्ही पंखा बंद झाला की रडता. चला, हात जोडा. देवा, त्यांना ऊब पाठव."

"किती पाठव म्हणायचं?" पाळकसाहेबांच्या धाकट्यानं विचारलं. हा पोरगा नेमका प्रश्न विचारण्यात पटाईत होता.

"भरपूर म्हण. मागायला कंजुषी कशाला?"

सात जणांनी डोळे घट्ट मिटून भरपूर ऊब मागितली, आणि पुढं दर रविवारी मागत राहिले.

दुसऱ्या रविवारसाठी मावशींना एक कल्पना सुचली, आणि तिथंच सगळं फिसकटलं. घर सोडून जाणं म्हणजे काय, हे पोरांना सांगून कसं कळणार? त्यांनी फर्मान काढलं, "घरातली अशी एक वस्तू आणा, की जिच्यावाचून अडतं. ती या खोक्यात घालायची. आठवडाभर काढायची नाही. ते लोक चार वर्षं राहिले, तुम्ही आठ दिवस राहून दाखवा."

मावशींना वाटलं होतं, पोरं आपली बाहुली आणतील, चेंडू आणतील. पण पोरं हुशार. स्वतःची वस्तू कोण देतंय? त्यांनी घरच्यांची आणली. एकानं टीव्हीचा रिमोट आणला. एकीनं कुकरची शिट्टी. एकानं दाराची बॅटरीवरची बेलच स्क्रू काढून आणली. एकीनं आजोबांच्या आरामखुर्चीचं कापड, एकीनं वडिलांचं गजराचं घड्याळ. पाळकसाहेबांच्या धाकट्यानं बापाचा वाचायचा चष्मा आणला.

सेक्रेटरीबाईंचा नातू सगळ्यात शेवटी आला. त्याच्या हातात गाठ मारलेली पिशवी होती. "आजी याच्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही," तो म्हणाला.

मावशींनी गाठ सोडून आत पाहिलं. आत गंगावन होतं, चांगलं दाट, काळंभोर. म्हणजे तो वीतभर अंबाडा! मावशींनी पिशवीची गाठ पुन्हा मारली, दोनदा मारली, आणि तोंड शिवून घेतलं. (हे शिवणकाम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जमलं.) परत द्यावं, असं मनात आलं खरं. पण मग बाकीचे सहा जण म्हणाले असते, त्याला का सूट?

आणि पोरांकडून घ्यायचं तर आपण हात आखडायचा कसा? मावशींनी स्वतःची मोठी कात्री आत ठेवली. पंचवीस वर्षांची, त्यांच्या हाताला बसलेली. वर सातही पोरांचे जुने स्वेटर, शिवाय त्यांनी रात्रंदिवस खपून शिवलेल्या चार फलाटीनच्या कानटोप्या. बर्फात राहतात म्हणे!

मग धडा पक्का व्हावा म्हणून पोरांकडून खोक्याला चिकटपट्टी लावून घेतली आणि पत्ता लिहून घेतला. इंग्रजी मावशींना येत नव्हतं, पोरांनाही जेमतेम. अक्षरं वेलबुट्टीसारखी बघून बघून उतरवली. शेजारी मंडळीनं खरोखर पाठवायचं खोकं पडलं होतं. त्यात साबण, टॉवेल, वह्या. त्यावर पत्ता नव्हता, कारण लेबल सेक्रेटरीबाईंच्या फाईलमध्ये होतं.

मंगळवारी मावशींचे यजमान चर्चमध्ये पंखा पुसायला गेले. यजमान कुरिअरच्या ऑफिसात खिडकीवर बसायचे. अबोल माणूस. सांगितलं तेवढं करायचं, विचारलं तेवढं बोलायचं. संध्याकाळी घरी येऊन ते खुशीत म्हणाले, "ते पत्ता लिहिलेलं खोकं पाठवून दिलं बरं का."

मावशींच्या हातातलं कापड मशीनखाली तसंच राहिलं. "कुठलं खोकं?"

"पत्ता लिहिलेलं. म्हटलं, तुला कशाला त्रास?"

"अहो, ते धड्याचं खोकं होतं! परत मागवा!"

"विमानात चढलं असेल."

सव्वीस वर्षांच्या संसारात न सांगता केलेलं त्यांचं हे पहिलं काम.

तिसऱ्या रविवारी मंडळी चर्चमध्ये आली ती उपासनेला नव्हे, मावशींना शोधायला. एक बाप आठवडाभर उठून उठून चॅनेल बदलत होता, त्याची कंबर धरली होती. एका घरात भात कच्चा, एका घरात दारावर थापा मारून मारून पाहुणे निघून गेले होते. गजरवाला चार वेळा कामावर उशिरा पोचला. आजोबा आरामखुर्चीच्या सांगाड्यात बसायला गेले आणि अडकले. पाळकसाहेबांना तर कागदावरचं काही दिसेना. आठवेल तेवढं बोलून ते सात मिनिटांत खाली उतरले. (या एका गोष्टीची मात्र कुणीच तक्रार केली नाही.)

सेक्रेटरीबाई डोक्याला रुमाल बांधून आल्या होत्या. "सर्दी," त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारीही सर्दी. त्याच्या पुढच्याही. त्या रंगाचं दुसरं गंगावन मिळत नव्हतं, हे एकट्या मावशींना कळत होतं. नातवानं घरी तोंड उघडलं नव्हतं. त्याला आजी माहीत होती.

सहाव्या रविवारी कमिटी बसली. हॉल भरलेला. भिंतीवर मोठा पडदा, कारण सेक्रेटरीबाईंनी त्या मिशनरी कुटुंबाला व्हिडिओ कॉल लावायची तजवीज केली होती. "आपण पाठवलेल्या कचऱ्याबद्दल मावशींनी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागावी," असा ठराव होता. आणि त्याच कागदावर खाली: वर्ग भाचीकडे द्यावा.

मावशी उभ्या राहिल्या. सहा रविवार हातात धरलेला खडू आता जाणार, हे त्यांना दिसत होतं. सातही पोरं पहिल्या बाकावर एकमेकांना चिकटून बसली होती.

"आधी खोक्यात काय काय होतं, ते सांगा," सेक्रेटरीबाई कडाडल्या. "एकेक वाचा! लोकांना कळू द्या, शिकवायला शिक्षण का लागतं ते!"

मावशींनी ब्लाउजमधून यादी काढली. "एक, रिमोट. दोन, कुकरची शिट्टी. तीन, बेल. चार, खुर्चीचं कापड. पाच, गजर. सहा, पाळकसाहेबांचा चष्मा." प्रत्येक नावाला हॉलमधून एकेक हुंकार येत होता. "सात..."

मावशी थांबल्या. समोर रुमालाखालचा चेहरा पांढरा पडत चालला होता, झेरॉक्ससारखा. पहिल्या बाकावर नातवानं डोळे मिटून घेतले. मावशींच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता. एक शब्द, की भाची गेली, फाईल गेली, अंबाडा गेला!

"सात," मावशी म्हणाल्या, "लोकर. काळी. उत्तम प्रतीची."

सेक्रेटरीबाई मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात पडदा उजळला. नर्सबाई दिसल्या, शेजारी मुलगी, मांडीवर मुलगा. मावशी हात जोडून "माफ करा" म्हणणार, तोच नर्सबाईंना हुंदका फुटला.

"चार वर्षांत पुष्कळ खोकी आली," त्या म्हणाल्या. "साबण, टॉवेल, वह्या. देवाची कृपा. पण हे खोकं उघडलं आणि घरच बाहेर आलं हो! आमच्या कुकरची शिट्टी आठ महिन्यांपूर्वी हरवली होती. तुमची बसली! पहिली शिट्टी झाली तेव्हा आम्ही चौघं चुलीभोवती उभं राहून टाळ्या वाजवल्या. बेल दवाखान्याला लावली. चष्मा इथल्या म्हाताऱ्या मास्तरांना लागला, ते पाच वर्षांनी वाचायला लागलेत. आणि कात्री! माझ्या दवाखान्यात पट्ट्या कापायला असली कात्री कधी नव्हती. ज्यांनी दिली त्यांचा हात मी रोज धरते, असं वाटतं."

मावशींनी पदर डोळ्याला लावला. त्यांना ओळखणाऱ्यांनी हे दृश्य पहिल्यांदाच पाहिलं.

मांडीवरचा मुलगा रिमोट घेऊन उठला. "आमच्याकडे टीव्ही नाही. पण मी बाबांवर धरतो आणि आवाज बंद करतो!"

हॉल खदखदून हसला. "आणि ती लोकर," मुलगी पुढं येत म्हणाली, "आम्ही बायबलच्या नाटकात मोशेची दाढी केली. बघा!" तिनं हनुवटीला दाढी लावली. काळीभोर, दाट, वीतभर. "सगळे विचारतात, इतकी खरी कुठून आणली?"

सेक्रेटरीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. मग उठून ठरावाचा कागद फाडला, चार तुकडे केले.

"वर्ग मावशींकडे कायम राहावा," त्यांनी घसा खाकरला. "कुणाची हरकत?"

त्यांचाच हात सगळ्यांत आधी वर होता. मागोमाग अख्खा हॉल. गजरवाला बापसुद्धा. पोरं बाकावर उभी राहून ओरडायला लागली आणि मावशी मान ताठ करून फळ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पंचेचाळीस वर्षांनी का होईना, खडू जिंकला होता.

"कात्रीमावशी," पाळकसाहेब भारावून म्हणाले, "या कुटुंबाला काही विचारायचंय?"

मावशी आता कुणाला ऐकणार होत्या! त्यांनी मोठ्या दिमाखानं विचारलं, "स्वेटर-टोप्या पुरल्या ना? थंडी कमी झाली का काही?"

पडद्यावर घामानं निथळलेले डॉक्टर आत आले. त्यांनी पुठ्ठ्यानं वारा घेत हात जोडले. "थंडी? इथं बारा महिने ऊनच असतं हो! पांढऱ्या मिठाची जमीन, पाय ठेववत नाही. पण एक विनंती आहे. जन्मात बघितला नव्हता असा उकाडा गेला सव्वा महिना पडलाय. कशानं वाढलाय कळत नाही. रविवारी तर विचारू नका! तेवढी प्रार्थना करा."

सातही पोरांनी सावकाश माना वळवून मावशींकडे पाहिलं.

शेजारी बसलेले यजमान हळूच म्हणाले, "मी पार्सलवरचा पत्ता वाचला तेव्हाच म्हणणार होतो. पण तू विचारलं नाहीस."

मावशींचं तोंड उघडलं, पण आतली कात्री काही चालेना. तेवढ्यात पाळकसाहेबांचा धाकटा बाकावरून खाली उतरला. त्यानं हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "देवा, ऊब पोचली. आता बास कर. आमच्या मावशींचा भूगोल कच्चा आहे."