बाळाला आजोळी नेण्याबाबत

माणूस जन्मतः आईवडिलांचा असतो, ही एक जुनी गैरसमजूत आहे. त्याला पहिल्यांदा आजोळी नेलं जातं तेव्हा त्याची रीतसर वाटणी होते. नाक एकाकडे, कपाळ दुसऱ्याकडे, स्वभाव (तो अजून आलेला नसला तरी) तिसऱ्याकडे. आईच्या वाट्याला लंगोट उरतात. या व्यवस्थेविरुद्ध आजवर एकाही बाळाने लेखी तक्रार केलेली नाही, यावरूनच ती किती न्याय्य आहे हे सिद्ध होतं.

धाकटीचं बाळ सात महिन्यांचं झालं तरी आजोळी गेलं नव्हतं. धाकटी म्हणजे दोन भावंडांतली धाकटी. ती दूरच्या शहरात दातांच्या कवळ्या बनवायची, आणि तिला रजा मिळणं हे दात येण्याइतकंच अवघड होतं. पण नातेवाईकांच्या पातळीवर प्रकरण फारच गंभीर झालं होतं. आईचा फोन रोज यायचा. आत्याचा एक दिवसाआड. काका तर म्हणाले, "आम्ही डोळे मिटल्यावर आणणार आहेस का?" (काकांची प्रकृती ठणठणीत होती. हेच वाक्य त्यांनी रंगकाम करणाऱ्यालाही ऐकवलं होतं.)

बाबांनी मात्र एकदाच फोन केला.

"हातांची थरथर वाढत चाललीय गं," ते म्हणाले. "आत्ता धरता येईल तिला. पुढचं काही सांगता येत नाही. बघ, जमलं तर."

मग त्यांनी फोन ठेवला. म्हणजे ठेवायला गेले, आणि तो खाली पडल्याचा आवाज धाकटीला ऐकू आला. तिने दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

नवऱ्याची रजा मंजूर झाली नाही. (त्याने ती मागितली नव्हती, हे नामंजुरीचं प्रमुख कारण.) मात्र स्टेशनापर्यंत येऊन त्याने बॅगा गाडीत चढवल्या, सामान फार झालंय असं मत नोंदवलं आणि गाडी हलेपर्यंत हात हलवला. या पितृकर्तव्याचं त्याच्या कचेरीत पुढे बरंच कौतुक झालं.

सार्वजनिक वाहनात बाळ रडू लागलं की सहप्रवाशांचे दोन वर्ग पडतात. काहींना मुलं असतात आणि ती कधीच रडत नव्हती हे त्यांना आठवतं. बाकीच्यांना मुलं नसतात आणि ती का नाहीत हे त्यांना आठवतं. धाकटीच्या समोरची बाई पहिल्या वर्गातली होती.

"भूक लागलीय तिला."

"आत्ताच पाजलंय."

"मग जास्त झालंय."

खिडकीपाशी एक गृहस्थ लॅपटॉप उघडून बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, तिला जरा गप्प करा ना." धाकटीने त्यांचे आभार मानले. तिला ही कल्पना सुचलीच नव्हती.

स्टेशनावर न्यायला दादा आला होता. दादा मुळात प्रेमळ माणूस, पण हल्ली त्याचं प्रेम फोनच्या कॅमेऱ्यातूनच बाहेर पडायचं. धाकटी फाटकातून बाहेर आली तेव्हा तो डोळ्यांपुढे फोन धरून उलटा चालत होता.

"एक मिनिट, एक मिनिट! बाळाचं तोंडच आलं नाही. परत आत जा आणि बाहेर ये. आणि जरा हसत ये."

धाकटी बाळ, बॅगा आणि दुधाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन परत आत गेली, आणि दिवसभर गाडीत बसलेली बाई जितकी हसू शकते तितकी हसत बाहेर आली. तिसऱ्या खेपेला बरं जमलं. बॅगा घेणं दादाला शक्य झालं नाही, कारण हातात फोन होता.

घरी पोचताच वाटणीचं काम सुरू झालं. अध्यक्षस्थानी आत्या होती.

"नाक आमच्याकडचं," आत्या म्हणाली.

"आमच्याकडचं म्हणजे?" आई म्हणाली. "माझ्या बापाचं नाक आहे ते, डिट्टो!"

काकांनी कान मागितले. कान त्यांना मिळाले, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होते. बराच काथ्याकूट होऊन शेवटी असं ठरलं की बाळ बुद्धीने, रूपाने आणि केसांनी या घराण्यावर गेलं आहे. सासरच्या वाट्याला ढेकर आला. आत्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. तिची नवी कवळी धाकटीनेच बनवून पाठवली होती, त्यामुळे आत्या जे जे बोलत होती त्यात धाकटीचाही थोडा तांत्रिक वाटा होता.

बाबा सोफ्याच्या टोकाला बसले होते. त्यांनी सकाळीच नवा शर्ट घातला होता आणि हात इतके घासून धुतले होते की बोटं लाल झाली होती. वाटणी आटोपली तसे ते उठले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते.

"नको!" आई, आत्या, काका आणि दादा एकदम ओरडले. या घराण्यात कुठल्याही विषयावर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

"तुम्ही आपले लांबूनच बघा," आई समजुतीने म्हणाली. "तुम्हाला कशाला त्रास?"

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. बाबांनी उभी हयात एसटीची मोठी, लाल, खडखडणारी बस घाटातून चालवली होती. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि मागे गच्च भरलेली माणसं. त्यांत आत्या आणि काका पुष्कळदा असायचे. ड्रायव्हर घरचा असल्याने त्यांना पुढचा बाक मिळायचा, आणि ते अगदी पहिल्या वळणापासून घोरायला लागायचे. ज्या हातांवर त्यांनी आपला अख्खा जीव निर्धास्त टाकला होता, त्या हातांत आता सात किलो देणं धोक्याचं होतं. त्यात वैर काहीच नव्हतं, निव्वळ काळजी होती. काळजीपोटी माणसाकडून जेवढं काढून घेता येतं तेवढं वैरापोटी येत नाही, कारण वैरात समोरचा निदान भांडतो तरी.

बाबा भांडले नाहीत. ते पुन्हा सोफ्यावर बसले.

दुसऱ्या दिवसापासून बघ्यांची रीघ लागली. बाळाला प्रत्येकाने घेतलं. शेजारीणबाईंनी घेतलं, शिंकता शिंकता दोन मुके घेतले आणि "सर्दी काय, येते नि जाते" असं सांगितलं. दादाच्या मित्राने गाडीच्या किल्ल्या बोटात खुळखुळवत घेतलं. काकांनी एका हातात घेतलं, कारण दुसऱ्या हातात चहा होता. या कोणाचेही हात थरथरत नव्हते. नवीन माणूस आला की बाबा जरा सरकून जागा करून द्यायचे. असं सरकत सरकत ते सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून स्टुलावर आणि स्टुलावरून आतल्या खोलीत गेले. ते तिथे गेलेत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. धाकटीच्या आलं, पण तेव्हा ती बाळाला आठव्या की नवव्या माणसाच्या मांडीवरून सोडवून आणत होती.

बाळाला झोप म्हणून लागेना. डोळा मिटला की कोणीतरी "झोपली का?" म्हणून मोठ्याने विचारायचं, आणि मग ती झोपलेली नसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने जो सूर लावला तो थांबेचना. बाहेरच्या खोलीत बैठक बसली. आत्याचं मत पडलं की दात येतायत. काकांच्या मते पोट. आईच्या मते धाकटीचं चुकतंय, नेमकं काय ते पुढे बघू. दातांवर तासभर चर्चा झाली. जिचं पोट दातांवर चालायचं तिला कोणी काही विचारलं नाही. धाकटी बाळाला घेऊन उठली आणि आतल्या खोलीत गेली.

बाबा पलंगावर बसून बाळाच्या वाळलेल्या झबल्यांच्या घड्या घालत होते. घडी पडायची आणि बोटांच्या थरथरीने पुन्हा मोडायची. त्यांची अजून पहिल्याच झबल्याशी झटापट चालली होती.

"बाबा, मांडी घाला."

"कशाला?"

"घाला तर."

"अगं, आई ओरडेल."

"कोणाची? तुमची की माझी?"

"तुझी. माझी असती तर तिने केव्हाच दिली असती."

धाकटीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचे दोन्ही हात धरून बाळाभोवती नेले. बाबा घाबरले. "पडली तर?"

"पलंगाच्या मधोमध बसलाय तुम्ही. पडून पडून पडणार कुठे?"

हात थांबले नाहीत. ते थरथरतच राहिले, एका लयीत, बारीक बारीक, स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या बसचा बाक थरथरतो तसे. बाळाने रडणं मध्येच तोडलं. बाबांकडे टक लावून पाहिलं. कपाळाला आठी घालून थोडा विचार केला. मग एक लांब सुस्कारा सोडून डोळे मिटले.



"झोपली की काय?" बाबांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं.

"झोपली."

"माझ्याकडे?"

"तुमच्याकडे."

बाबांनी मान हलवली. "प्रवासी झोपले की समजायचं, गाडी नीट चाललीय."

 धाकटीने उरलेली झबली पुढ्यात ओढली आणि घड्या घालायला घेतल्या. तिच्याही घड्या मोडू लागल्या.

भरल्या घरात बाळ रडत असलं तर माणसं निवांत असतात. ते थांबलं की पळापळ होते. अख्खी बैठक दारात येऊन उभी राहिली. आणि इथे निःपक्षपातीपणे नोंदवायला हवं की क्षणभर सगळेच गप्प झाले. आईने तर पदर डोळ्यांशी नेला. ही शांतता आणखी थोडी टिकती, तर ही कथा लिहिण्याची वेळ आली नसती.

"थांबा, थांबा!" दादा म्हणाला. "हे परत करा."

"काय परत करा?" धाकटी कुजबुजली. "झोपलीय ती."

"तेच ना! झोपताना हवी. आधी रडली पाहिजे, मग बाबांनी घेतलं पाहिजे. आणि इथे उजेड नाही."

"दादा, पडद्याला हात लावू नकोस."

पडदा तोवर सरकला होता. उन्हाचा पट्टा थेट बाळाच्या तोंडावर आला. आत्या केस सारखे करत पलंगावर बाबांना चिकटून बसली. व्हिडिओत आपलाही हात दिसावा अशी तिची इच्छा होती. काका मागे ताठ उभे राहिले, शाळेच्या फोटोत उंच मुलं राहतात तसे. आत्या टेकताच पलंग हलला, बाळ दचकून जागं झालं आणि त्याने टाहो फोडला. इतके डोळे आपल्या हातांवर खिळलेले पाहून बाबांची थरथर दुप्पट झाली. आईने झडप घालून बाळ उचललं.

"सांगत नव्हते मी?" आई म्हणाली. "जमायचं नाही त्यांना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनी हात मांडीखाली घातले आणि त्यांवर ते बसून राहिले.

धाकटीने आईकडून बाळ घेतलं. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "सगळ्यांनी बाहेर जा."

हे वाक्य त्या घरात पूर्वी कोणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते समजायला वेळ लागला.

"मीसुद्धा?" आईने विचारलं.

"तूसुद्धा."

आणि तिने आतून कडी लावली. मग पडदा ओढला, बाबांचे हात मांडीखालून काढले आणि बाळ पुन्हा त्यांत दिलं. या खेपेला झोप यायला बराच वेळ लागला, पण आली. पुढच्या दोन्ही दुपारी जेवणं झाली की ती कडी लागत राहिली. आत एक बाळ झोपायचं, एक म्हातारा जागा राहायचा आणि एक बाई भिंतीला टेकून घोरायची.

बाहेरच्या खोलीत या प्रकाराची योग्य ती दखल घेतली गेली. पोरगी शिंगं फुटल्यासारखी वागते. चार पैसे मिळवायला लागल्या की असंच होतं. जन्मदात्या आईला कडीबाहेर उभं करते, तीही लोकांसमोर! आत्या म्हणाली की तिला हे नाक पाहूनच कळलं होतं. (कोणाचं नाक, हे तिने स्पष्ट केलं नाही.) धाकटी निघाली तेव्हा स्टेशनावर सोडायला बाबा एकटेच आले. बाकीचे रुसले होते. त्यांच्या रुसण्याचा एक फायदा झाला. बाळ रिक्षातून स्टेशनापर्यंत बाबांच्या मांडीवर झोपत गेलं.

दादाने मात्र मनात काही ठेवलं नाही. तो मोठ्या मनाचा. पडदा सरकवण्याआधीच त्याने दारातून टिपायला सुरुवात केली होती. त्याने पुढचं रडणं कापलं, आईचं वाक्य कापलं, मागे व्हायोलिन घातलं आणि वर लिहिलं, "आमच्या घरात पहिला मान आजोबांचा!" आत्याने त्याखाली लिहिलं, "संस्कार!" काकांनी हात जोडले.

तो व्हिडिओ पुढे पुष्कळ फिरला. अनोळखी माणसांचे डोळे पाणावले. तुमच्याकडेही तो आला असेलच. तुम्ही तो दोनदा पाहिलात, लाल बदाम टाकलात आणि "अशी घरं आता उरली नाहीत" असं लिहून तो पाचसहा जणांना पाठवलात. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "काय आहे एवढं? मलाही दाखव की जरा."

तुम्ही फोनवरून नजर न काढता म्हणालात, "काही नाही हो, बाबा. तुम्ही पडा."